नवरगावचं नाटक

सिंदेवाहीच्या माणसाला नाटकाची आवड आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही. तू कोणत्या कंपनीचा, असं विचारावं. कोणी वडशाच्या एखाद्या कंपनीचा असतो, कोणी एकाच विनोदी नटाच्या मागे गावोगाव फिरतो, कोणी फक्त ऑर्गनवाल्यासाठी तिकीट काढतो. मी नवरगावची. माझं माहेर तिथलं नाही आणि सासरही नाही. नवरगावच्या श्री व्यंकटेश नाट्य मंडळाची मी प्रेक्षक आहे, एवढंच. पण आमच्या भागात हे नातं सोयरिकीच्या खालचं धरत नाहीत.

माझा भाचा पुण्यात शिकतो आणि तिथल्या कुठल्याशा रॉक बँडसाठी जीव टाकतो. त्यांचे कार्यक्रम असले की वर्गणी काढून तिकिटं घेतो, गर्दीत उभा राहून घसा बसवून घेतो, मग आठवडाभर आईच्या शिव्या खातो. मला त्याचं सगळं समजतं. एकदा त्याने मला अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड नावाच्या बँडची गोष्ट सांगितली. १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं तो बँड वाजवत फिरला, चाहते त्याच्या मागोमाग शहराशहरांतून हिंडत, कार्यक्रम टेपवर उतरवून घेत आणि एकमेकांना देत. बँडचीही त्याला मुभा होती. हे त्याला फार नवलाचं वाटत होतं. मी त्याला माळ्यावरची कॅसेटींची पेटी काढून दाखवली. १९८० नंतर आमच्याकडेही टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसणारे होते. त्या कॅसेटींवर पदं आहेत, त्याहून जास्त खोकले आहेत, लेकरांचं रडणं आहे आणि मध्येच ‘बसा ना बाप्पा खाली’ असा एक दणदणीत आवाज आहे. तो माझ्या मामाचा.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली तर २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं. जुनी माणसं अजूनही वैनगंगेपलीकडच्या गावांना दुसऱ्या जिल्ह्यातली मानायला तयार नसतात. दिवाळीनंतर इथे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, कुठे शंकरपट, आणि रात्री नाटक. दंडार, खडी गंमत, राधा, डहाका ही या भागाची जुनी लोकरूपं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाबरोबर त्यांच्याही नोंदी केल्या म्हणून ती निदान कागदावर तरी नीट उरली. नाटक वाढलं ते यांच्याच शेजारी. रात्री दहाच्या सुमारास सुरू होणारं, पहाटेपर्यंत चालणारं, तिकीट काढून पाहायचं नाटक. बंगालात दुर्गापूजेनंतर जात्रेचा हंगाम सुरू होतो आणि कोलकात्याच्या चितपूर रस्त्यावर जात्रा कंपन्यांची ऑफिसं गजबजतात, तसंच आमच्याकडे भाऊबीज ते होळी, आणि आमचं चितपूर म्हणजे वडसा.

माझ्या लहानपणी, १९७०च्या दशकात, नाटक बहुतेक वेळा गावचंच असे. शाळेचे गुरुजी, एखादा तलाठी, सुतार, दोन-तीन हौशी शेतकरी, हेच नट. दसऱ्यापासून तालमी. बायकांची कामं पुरुषच करत. आमच्या गावात गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ झालं, तेव्हा सिंधू झाला होता आमचा सुतार. सुधाकराने दारूच्या नशेत त्याचे हाल केले आणि बायकांची अर्धी बाजू पदराने डोळे पुसत बसली. दुसऱ्या दिवशी तो आमच्या बंडीचं चाक ठोकायला आला, तर मायने न मागता त्याला दुधाचा चहा दिला. एरवी आमच्या घरी कामाला आलेल्याला कोराच चहा मिळे. ते नाटक १९१९चं आहे, हे मला डी.एड. करताना कळलं. तोवर मी ते आमच्या गावातच कोणी तरी लिहिलं आहे असं समजत होते.

उजेडाला गॅसबत्त्या. समोर बायका-पोरं एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. जागा धरण्यासाठी दुपारीच पोत्यांचे बोरे आणि सतरंज्या अंथरल्या जात. कोणाचा बोरा कुठे, यावरून झालेली भांडणं पुढच्या मंडईपर्यंत चालत. पांघरायला गोधडी, शेजारी फल्लीदाण्याची पुडी, आणि तिसऱ्या अंकाला झोप लागू नये म्हणून कोणी तरी मध्येच चिमटा काढायला हवा. नाटक पहाटेपर्यंत का चालतं, याचं कारण माझ्या आजाने सांगितलं होतं. लोक येत आठ-दहा कोसांवरून, बंड्या जुंपून, रस्ता जंगलाचा. रात्री दोनला नाटक संपलं तर हा सगळा समाज वाघाच्या वाटेवर निघणार. म्हणून उजाडेपर्यंत ओढायचं. आजाचं म्हणणं सोळा आणे खरं असो वा नसो, ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीच्या जंगलात आज वाघांची जी संख्या आहे आणि मोहफुलं वेचायला, सरपणाला गेलेल्या माणसांच्या ज्या बातम्या येतात, त्या पाहता ही पहाटेपर्यंतची प्रथा मोडा असं मी कोणाला सांगणार नाही. आता बंड्या गेल्या, मोटारसायकली आल्या. मोटारसायकलवरच्या माणसाला वाघाची भीती कमी असते असा त्याचा समज असतो.

गावचं नाटक हळूहळू कंपनीच्या नाटकाला जागा देत गेलं. या बदलात रेल्वेचा मोठा हात आहे असं मला वाटतं, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही लाइन आमच्या सिंदेवाहीवरून जाते आणि वडशावरूनही. पूर्वी ती छोटी गाडी होती, नॅरोगेज. इतकी सावकाश की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत असं सांगतात. १९९०च्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे सबंध गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. नागपूरहून नट-नट्या उतरायला सोयीचं, चारी जिल्ह्यांच्या मधोमध, बाजारपेठ मोठी. मग तिथे ऑफिसं आली, बोर्ड आले, हंगामापुरते भाड्याचे कमरे आले. संध्याकाळी तिथून पात्रं, वाजवणारे आणि पडदे भरलेल्या गाड्या चहूदिशांना निघतात आणि सकाळी परततात. नट दिवसा झोपतो, संध्याकाळी तोंडाला रंग लावतो. चार महिने हेच. तालमीला वेळ कुठला? विंगेत वही धरून बसलेला प्रॉम्प्टर हा खरा आधार. पहिल्या दोन रांगांना नाटक दोनदा ऐकू येतं, एकदा प्रॉम्प्टरचं आणि एकदा नटाचं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. प्रॉम्प्टरने एक वाक्य सांगावं आणि नटाने त्याचं वेगळंच काही करून टाळी घ्यावी, यातलाही आनंद पाहणाऱ्याला माहीत असतो.

पैशाचं गणित सांगितल्याशिवाय हे प्रेम कळायचं नाही. कंपनीला गाव ठरलेली रक्कम देतं. तिकीट लावायचं गावाने, मंडप घालायचा गावाने, विकलं नाही तर खिशातून भरायचंही गावाने. देवळाचा सभामंडप, शाळेची भिंत, तरुण मंडळाचं कर्ज, कशासाठी तरी नाटक घेतलं जातं. धान बरा झाला तर नफा, नाही तर मंडळाचा अध्यक्ष वर्षभर तोंड चुकवत फिरतो. म्हणजे आमच्याकडचा प्रेक्षक निम्मा निर्माता असतो, आणि त्याच्या प्रेमाला म्हणूनच हिशेबाची धार असते. शहरात नाटक पडलं तर लोक जात नाहीत, विषय संपला. इथे नाटक पडलं तर ज्याने ती कंपनी सुचवली त्याला पानटपरीवर उभं राहणं मुश्कील होतं. माझ्या एका चुलतभावाने एकदा एक कंपनी आणली. त्याला अजून त्या कंपनीच्या नावाने हाक मारतात.

आणि सगळं धानावर. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं धान संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या तुकड्यात निवड करत काढलेला एचएमटी धान आज देशभर खातात. घड्याळाच्या कंपनीवरून नाव पडलेला हा धान आमच्या घरातही पिकायचा. हलका धान आधी निघतो, भारी मागून. ज्या गावाच्या हातात पैसा आधी, त्या गावचं नाटक आधी. कोणत्या आठवड्यात कुठे मंडप पडेल हे मी पंचांगापेक्षा बांध्यांकडे पाहून जास्त बरोबर सांगू शकत असे. २०१७च्या खरिपात तुडतुड्याने चारही जिल्ह्यांतला धान खाल्ला. बांधीच्या बांधी जळाल्यासारख्या बसल्या. त्या हिवाळ्यात नाटकं झाली, पण तिकिटाच्या टेबलावर बसलेल्यांची तोंडं मी पाहिली आहेत.

नाटकाच्या रात्री गावात घरटी दहा-पंधरा पाहुणे. लेकीबाळी, जावई, मामे-मावस. माझं लग्न झाल्यावर सासूबाईंनी पहिलीच अट घातली होती की दिवाळी सासरी. मी म्हटलं, दिवाळी तुमची, मंडईची रात्र माझी. हा तह त्यांनी शेवटपर्यंत पाळला. सोयरिकी तर कितीतरी याच रात्री जमतात. मुलगी पाहायला म्हणून वेगळं यायला नको; नाटकाला यायचं, जेवायला बसायचं, आणि वाढणाऱ्या पोरीकडे सगळ्यांनी न पाहिल्यासारखं करायचं.

हे सगळं संपणार, असं मी आयुष्यभर ऐकत आले. १९८० नंतर गावात व्हिडिओ भाड्याने येऊ लागला; एका रात्रीत तीन पिक्चर, तिकीट नाटकाच्या निम्मं. तेव्हा म्हणाले, झालं. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडले. तेव्हाही म्हणाले, झालं. व्हिडिओवाले गेले, केबल आली, मोबाईल आला. नाटक आहे.

आता नवरगाव. हे आमच्याच सिंदेवाही तालुक्यातलं गाव, नाटकाच्या नादाचं म्हणून सर्वदूर माहीत. तिथल्या व्यंकटेश नाट्य मंडळासाठी सदानंद बोरकरांनी लिहिलेली आणि बसवलेली नाटकं आली आणि माझ्यासारखीच्या आवडीला पत्ता मिळाला. तोवर मी नाटकवेडी होते, सगळ्या कंपन्या सारख्याच. ‘माझं कुंकू मीच पुसलं’ हे नाव पहिल्यांदा पॉम्प्लेटवर वाचलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले होते. असलं अभद्र नाव घेऊन नाटक करतात का, हा त्यांचा प्रश्न. मग त्याच म्हाताऱ्या सगळ्यांच्या आधी बोरा टाकून बसल्या. दुसऱ्या दिवशी नळावर, विहिरीवर, शाळेच्या व्हरांड्यात एवढाच विषय होता. नवऱ्याविषयी बायका ज्या गोष्टी एकमेकींतही दबून बोलत, त्या नाटकातल्या बाईच्या नावावर टाकून मोकळेपणी बोलल्या जात होत्या. मी शिक्षिका होते, महिला मेळाव्यांत भाषणं केली आहेत, माझ्या कुठल्याही भाषणाने असं काही झालेलं मला आठवत नाही.

‘आत्महत्या’ हे त्यांचं दुसरं नाटक माझ्या मनात वेगळ्या जागी आहे. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या पेपरात रोजच्या झाल्या होत्या. तो विषय कापसाच्या जिल्ह्यांचा, यवतमाळ-अमरावतीचा, असं आमच्याकडे समजून चालत. धानवाला तलावाच्या भरवशावर जगतो, तो नाही असं करणार. नाटक आमच्यासमोर आलं तेव्हा ही समजूत घेऊन आम्ही बसलो होतो. आमच्या प्रेक्षकांची सवय अशी की पद रंगलं की बक्षीस जातं, आणि माइकवरून ‘अमुक गावच्या पाटलांकडून एकावन्न रुपये’ अशी घोषणा होते, भर प्रवेशात. त्या रात्री शेवटच्या अंकात एक चिठ्ठी स्टेजकडे निघालेली मी पाहिली. मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ती हात लांब करून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. पुढे गेली नाही ती. झाडीपट्टीच्या नाटकाला रडू आणि हसू यांच्याशिवाय काही जमत नाही असं नागपूरचे जाणकार म्हणतात. त्यांनी त्या रात्री तिथे असायला हवं होतं.

तरी मी नवरगावची झाले त्याला या दोन नाटकांहून साधं कारण आहे. इतर कंपन्यांची पात्रं संध्याकाळी गाडीतून उतरायची आणि सकाळी निघून जायची. नवरगावचं मंडळ म्हणजे आपल्या बाजाराची, आपल्या एसटीची माणसं. त्यांची बोली स्टेजवर ऐकली की ती आपल्या घरातून उचललेली वाटे. पुण्या-मुंबईचं प्रमाण मराठी आम्हालाही येतं. शाळेत मी तेच शिकवलं. पण रडण्याची वेळ आली की ते उपयोगाचं नाही.

आणि संगीत. भाच्याशी माझी खरी चर्चा जमते ती इथे. संगीत नाटक संपलं असं ज्या काळात पुण्यात लेख लिहिले जात होते, त्या काळात आमच्याकडे शेतमजूर रात्री दीड वाजता नाट्यपदाला वन्समोर देत होता. पायपेटी, तबला, बस. नट तोंडाने गायचा आणि आवाज शेवटच्या बोऱ्यापर्यंत पोचवायचा. लाउडस्पीकर आला आणि स्टेजवर वरून माइक लोंबू लागले. त्याने अभिनय बदलला. दोन पात्रं भांडता भांडता सरकत सरकत माइकखाली येत आणि मग मोठं वाक्य फेकत. पाहणाऱ्याला कळे, आता इकडे सरकले म्हणजे काही तरी जोरदार येणार. पुढे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आला, पायपेटी देवळात भजनाला गेली. मग ऑक्टोपॅड. एक पोरगा दोन काड्यांनी ढोलकी, ताशा, वीज, बंदूक, घोड्याच्या टापा, सगळं वाजवतो. आमच्या पिढीतले अनेकजण यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बंदुकीसाठी आमच्या काळात विंगेत सुतळी बॉम्ब फोडत, आणि तो कधी वेळेवर फुटत नसे. खलनायक आधी मरून पडे आणि मग आवाज येई. ऑक्टोपॅडने निदान मरणाची वेळ सांभाळली.

जे गेलं त्याचं दुःख मला वेगळं आहे. ऑर्गनवाला पूर्वी नटाच्या मागून जायचा. नट पद लांबवायचा, मध्येच थांबून प्रेक्षकाशी बोलायचा, पुन्हा धरायचा, आणि पेटी त्याच्या श्वासाची वाट पाहायची. आता ठेका मशीनमध्ये बांधलेला असतो. नटालाच त्याच्या मागे पळावं लागतं. तरुण गायक-नट चांगल्या गळ्याचे आहेत, पण थांबणं त्यांना ठाऊक नाही. भाचा म्हणाला, त्यांच्यातही असंच भांडण आहे, क्लिक ट्रॅकवर वाजवणारे आणि न वाजवणारे. मला ऐकून फार बरं वाटलं.

विनोदी पात्राशिवाय नाटक घेतलं तर गाव दगड मारेल. या बाबतीत कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे हे नाव घ्यावंच लागतं. शेतकरी माणूस, स्टेजवर नुसता आला तरी हशा. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका असा त्यांचा हिशेब देशाच्या पेपरांत छापून आला. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे या झाडीपट्टीतच वाढलेल्या दिग्दर्शकाचा ‘झॉलीवूड’ हा सिनेमा आला होता. या दोन वर्षांत मुंबईचे पत्रकार बरेच आले, कॅमेरे घेऊन. प्रत्येकाला एकच प्रश्न: रात्रभर बसता कसे? आमच्या शेजारणीने एकाला उलट विचारलं, तुम्ही दोन तासांत उठता कसे?

वाईट वर्षंही सांगायला हवीत. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटा रद्द झाल्या. भाऊबीज होऊन आठवडाच झाला होता, हंगाम नुकता उभा राहत होता. तिकीट रोखीचं, बयाणा रोखीचा, पात्रांची नाईट रोखीची. हातात पाचशेची नोट आणि दाराशी नाटक, अशी गंमत त्या वर्षी बऱ्याच गावांनी पाहिली. काही मंडळांनी धान घेऊन तिकीट दिलं असं मी ऐकलं. आमच्याकडे उधारीची वही घातली. ती पूर्ण वसूल झाली नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली ती हंगाम सरता सरता, म्हणून पहिला मार थोडा बसला. पण पुढचा हिवाळा कोरडा गेला. वाजवणारे रोजगार हमीवर गेले, कोणी भाजी विकली. त्या हिवाळ्यात मी कॅसेटींची ती पेटी उतरवली होती. चालवायला टेपरेकॉर्डर मिळेना.

शिवाय हंगामा. नाटकाच्या नावाने रेकॉर्डवर नाच, निम्म्या पैशात दुप्पट गर्दी. तरुण मंडळांना हिशेब सोपा वाटतो. मी त्यावर नैतिक भाषण करणार नाही. खडी गंमतीत काय काय चालायचं हे मला माहीत आहे. माझी तक्रार इतकीच की हंगाम्याला बाया येत नाहीत. आणि ज्या मंडपात बाया नाहीत, तिथे पाहुणे नाहीत, लेकी नाहीत, वडे तळणं नाही, सोयरिकी नाहीत. मग ती मंडईची रात्र कशाची?

उद्घाटनाचा रोग मात्र सर्वच कंपन्यांना सारखा. दहाचं नाटक साडेअकराला सुरू होतं, कारण नेते येणार असतात. एका रात्री चार-चार गावांत उद्घाटनं, त्यामुळे ते येतात घाईत आणि बोलतात निवांत. शाल, श्रीफळ, सगळ्या वॉर्डांची नावं. काही लोकप्रतिनिधींनी तर नाटकांत कामंही केली. त्यांना मी दोष देत नाही, त्या रात्री तरी ते दिलेले संवाद बोलले.

यंदाचं अजून ठरलेलं नाही. तरुण मंडळाची बैठक परवा मारुतीच्या पारावर झाली. पोरांना वडशाची एक कंपनी हवी आहे, कारण तिच्यात टीव्हीवर दिसलेली एक नटी येणार आहे. रक्कम ऐकून दोघा-तिघांनी तोंडात बोटं घातली. मी नवरगावचं नाव काढलं. एक पोरगा म्हणाला, काकू, तुमचं दरवर्षीचंच. मी म्हटलं, हो, दरवर्षीचंच. मग बचत गटाची अध्यक्षीण उठली आणि म्हणाली, पोट्ट्यांनो, तुम्ही तुमची नटी आणा, आम्ही बाया दुसऱ्या रात्री आमचं नाटक घेतो, तिकिटाचं टेबल आम्हीच लावतो, तोटा आला तर आमच्या गटावर. पारावर एकच कल्लोळ. एकाच गावात लागोपाठ दोन रात्री, पाहुण्यांचं जेवण दोनदा, मंडप कोणाचा, भोंगा कोणाचा. सरपंच म्हणाले, रविवारी पुन्हा बसू. तोवर मी फोन लावून तारखा विचारून ठेवल्या आहेत. बयाण्यापैकी थोडे पैसे पेन्शनमधून मी द्यायचे ठरवले आहेत, पण हे आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.